काटा नसलेला सहकार



महाविद्यालयांच्या स्टाफरूममध्ये अलीकडे एक तक्रार सतत ऐकू येते. ‘पाच-पाच जणांचे गट करून दिले, ऑनलाइन मिळून प्रकल्प करा म्हणून सांगितले. शेवटी काम एकच मुलगी करते, दोघे फक्त नाव घालतात आणि उरलेले दोघे ग्रुपवर अंगठा टाकून मोकळे होतात.’ पुढचे निदानही ठरलेले आहे. ही पिढी आत्मकेंद्री आहे, मोबाइलने बिघडलेली आहे, यांना मिळून काही करायलाच नको.

हे निदान तपासून बघावे, एवढाच आजचा हेतू आहे. तक्रार खोटी आहे असे आमचे म्हणणे नाही. गटात काम करायला नाखूश असणारे विद्यार्थी आहेत, आणि त्यांत चांगले अभ्यास करणारेही बरेच आहेत. प्रश्न त्या नाखुशीच्या अर्थाचा आहे. तत्त्वज्ञानाच्या माणसाला एक खोड असते. कुणी ‘आळस’ म्हटले की तो विचारतो, कशाचा आळस? कुणी ‘सहकार्य’ म्हटले की विचारतो, म्हणजे नेमके काय?

आधी एक विसंगती बघा. ज्या विद्यार्थ्यांना सहकार्य नको असे आपण म्हणतो, तेच विद्यार्थी त्याच मोबाइलवर दिवसभर एकमेकांच्या उपयोगी पडत असतात. जुन्या प्रश्नपत्रिका पाठवतात. नोट्सच्या पीडीएफ फिरवतात. एसटी बंद आहे, आज सरांनी हजेरी घेतली, फॉर्मची मुदत वाढली, हे सगळे कुणीही न सांगता कळवतात. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले तर एकमेकांची स्पर्धक असूनही प्रश्नसंच वाटून घेतात. मग ‘यांना मिळून काही करायला नको’ हे विधान टिकते कुठे?

इथे तीन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. एक मदत, दुसरी देवाणघेवाण, तिसरे सहकार्य. मदतीत काम तुमचे असते, मी हात लावतो. देवाणघेवाणीत काम दोघांचे वेगळे असते, आपण वस्तू बदलून घेतो. सहकार्यात काम एकच असते, नाव सगळ्यांचे असते आणि फळही एकच असते. विद्यार्थी पहिल्या दोन गोष्टी आनंदाने करतात. ते अडतात तिसऱ्यापाशी. म्हणून प्रश्न स्वभावाचा नसून त्या तिसऱ्या व्यवहाराच्या रचनेचा असावा, अशी शंका घ्यायला जागा आहे.

आणि ही शंका आपल्या जिल्ह्यात घ्यायला विशेष कारण आहे. अहमदनगर म्हणा किंवा आताचे अहिल्यानगर म्हणा, हा सहकाराचा जिल्हा आहे. लोणीजवळ प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांना एकत्र करून साखर कारखाना उभा केला. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष झाले. 1950-51 च्या हंगामात गाळप सुरू झाले. महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखानदारीची ती सुरुवात. ज्या जिल्ह्यात हजारो अल्पशिक्षित शेतकऱ्यांनी मिळून कारखाना चालवला, त्याच जिल्ह्यात पाच पदवीधर होऊ घातलेली मुले मिळून वीस पानांचा प्रकल्प करत नाहीत, हे कोडे नाही का?

कोडे सोडवायला आणखी थोडे मागे जावे लागते. 1875 साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांचे दंगे झाले. पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला सुरुवात झाली आणि लोण आपल्याकडे पसरले. दंगेखोरांचा रोख कशावर होता? मुख्यतः कर्जखतांवर. सावकाराकडचे कागद हिसकावून जाळायचे, हा त्या उठावाचा गाभा होता. कारण शेतकऱ्याला जो कागद वाचता येत नव्हता, त्याच्याखाली त्याची निशाणी होती. त्यात काय लिहिले आहे यावर त्याचा ताबा नव्हता, आणि परिणाम मात्र पूर्णपणे त्याच्यावर होता. पुढे 1879 साली डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला. त्यात शेतकऱ्याचे दस्तऐवज गावच्या निबंधकासमोर लिहिले जावेत अशी व्यवस्था होती. म्हणजे सही करणाऱ्याला आपण कशावर सही करतो हे कळले पाहिजे, एवढे साधे तत्त्व मान्य व्हायला दंगा व्हावा लागला.

आता गटाच्या प्रकल्पाकडे या. चौघांनी न वाचलेला मजकूर एकाने शेवटच्या रात्री चिकटवलेला असतो. त्याच्यावर पाच नावे असतात. अलीकडे त्यात आणखी एक भर पडली आहे. कुणीतरी आपला भाग कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतो आणि तसाच ग्रुपवर टाकतो. त्यातला एखादा संदर्भ खोटा निघाला, तर दोषी कोण? पाचही जण. म्हणजे तेव्हा निशाणी होती, आज अंगठा आहे, पण प्रश्न तोच आहे. ‘मी जे वाचलेले नाही, त्याच्याखाली माझे नाव का?’ असे म्हणणारा विद्यार्थी आत्मकेंद्री नाही. तो नैतिक दृष्ट्या जागा आहे. आपण त्याला शाबासकी द्यायची सोडून ‘टीम स्पिरिट नाही’ असा शेरा मारतो.

कारखान्यात शेतकरी विश्वासाने का आला, हे यावरून समजते. तो भोळ्या बंधुभावाने आला नाही. त्याच्यासमोर चार गोष्टी स्पष्ट होत्या. त्याच्या नावावर भाग होता. भाग कितीही असले तरी मत एकच होते. हिशेब दरवर्षी सभेपुढे यायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे काटा होता. गाडी काट्यावर चढली की वजन त्याच्या नावाने लागत होते. ऊस सगळ्यांचा एकत्र गाळला जातो, साखर कुणाच्या उसाची हे पुढे सांगता येत नाही, पण एकत्र होण्याआधी प्रत्येकाचे वजन झालेले असते. काट्यावरचा विश्वास उडाला की काय होते, हे या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. ‘काटामारी’ हा शब्दच त्यासाठी तयार झाला आहे.

गटाच्या प्रकल्पात सगळे काही आहे, फक्त काटा नाही. पाच जणांचे काम एका टोपलीत पडते आणि पाचांना सारखे गुण मिळतात. म्हणून आम्ही त्याला काटा नसलेला सहकार म्हणतो.

याला शास्त्रीय आधारही आहे. मॅक्स रिंगेलमान हे फ्रान्समधले कृषी अभियंते. त्यांनी माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला. निष्कर्ष 1913 साली प्रसिद्ध झाले. माणसे वाढली की एकूण जोर वाढतो, पण माणशी जोर घटत जातो. आठ जण ओढू लागले की प्रत्येकाचा जोर एकट्याच्या निम्म्यापर्यंत खाली येतो. हा काही अंशी ताळमेळ न बसल्याचा परिणाम. पण 1979 साली अमेरिकेत लाताने, विल्यम्स आणि हार्किन्स यांनी टाळ्या वाजवण्याचे आणि ओरडण्याचे प्रयोग करून दाखवले की ताळमेळाचा भाग वजा केला तरी माणूस गटात अंग चोरतोच. त्याच अभ्यासकांनी दोन वर्षांनी पुढचा प्रयोग केला, आणि तो आपल्याकडे कुणी सांगत नाही. आपला आवाज वेगळा मोजला जातो आहे असे लोकांना समजले, तेव्हा हे अंग चोरणे नाहीसे झाले. म्हणजे अंग चोरणे हा पिढीचा दोष नव्हे. मोजमाप नसलेल्या जागेत कुठलीही पिढी ते करते. आमची पिढीही श्रमदानाच्या वेळी फावड्यावर रेलून उभी राहिलेली आहे!

तत्त्वज्ञानात हा प्रश्न जुना आहे. डेव्हिड ह्यूम यांनी 1740 च्या सुमारास दोन शेतकऱ्यांचे उदाहरण दिले. एकाचे पीक आज तयार आहे, दुसऱ्याचे उद्या होईल. आज मी तुला मदत करावी आणि उद्या तू मला, यात दोघांचेही हित आहे. पण तू उद्या येशील याची खात्री नाही, म्हणून मी आज जात नाही. हंगाम निघून जातो आणि दोघांचेही पीक वाया जाते. ह्यूम यांचे निदान बघा. दोघेही वाईट नाहीत. कमी आहे ती परस्परांच्या खात्रीची.

आपल्या गावांनी यावर उत्तर शोधले होते. सावड. आज माझी बैलजोडी तुझ्या शेतात, परवा तुझी माझ्या शेतात. इर्जिकेला सगळे गाव नांगर घेऊन येते आणि घरधनी जेवण घालतो. हे कशावर चालायचे? कोण आले, कोण नाही, हे डोळ्यांना दिसत होते. गडी तेच, शेजार तोच, आणि पुढच्या वर्षी पुन्हा गाठ पडणारच. हिवरे बाजारचेही तसेच. पाऊस किती झाला ते मोजायचे, पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि कोणती पिके घ्यायची ते ग्रामसभेत ठरवायचे. पाण्यासाठी शेतीला बोअर घ्यायची नाही, हा नियम सगळ्यांना सारखा. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, ते अशाच सामाईक साधनांच्या अभ्यासासाठी. माणसे सामाईक गोष्ट सांभाळू शकतात, पण नियम त्यांनी स्वतः केलेले असावेत आणि पाळले जातात की नाही यावर लक्ष असावे, असा त्यांच्या मांडणीचा रोख आहे.

ऑनलाइन गटात यातले काय असते? नियम शिक्षकाचे, गट हजेरी क्रमांकाने पाडलेला, कोण काम करतो ते दिसत नाही आणि सत्र संपले की गाठ संपली. सावड ज्या चार खांबांवर उभी होती, ते चारही काढून घेतले आणि वर ‘मांडव का पडला’ म्हणून विचारायचे, यात काय अर्थ आहे?

हे झाले रचनेचे. आता ‘ऑनलाइन’ या शब्दाकडे येऊ. साधन सर्वांना सारखे आहे असे आपण गृहीत धरतो. मार्च 2020 मध्ये महाविद्यालये बंद झाली तेव्हा ते गृहीत उघडे पडले. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 2017-18 च्या आकड्यांनुसार देशाच्या ग्रामीण भागात संगणक असलेली कुटुंबे होती 4.4 टक्के, आणि इंटरनेटची सोय असलेली 14.9 टक्के. त्यानंतर मोबाइल पुष्कळ वाढले, हे खरे. पण मोबाइल घरात असणे आणि मुलीच्या हातात असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाथर्डी-शेवगावकडची ऊसतोडणीला जाणारी कुटुंबे घ्या, किंवा अकोल्याच्या डोंगरातल्या वाड्या घ्या. तिथला विद्यार्थी रात्री नऊच्या ऑनलाइन बैठकीला नसतो, तेव्हा ग्रुपवर त्याची नोंद ‘काम न करणारा’ अशी होते. तो कारण सांगत नाही, कारण गरिबी चारचौघांत लिहून दाखवायची नसते.

मुलींची अडचण आणखी वेगळी. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घातले की नंबर सगळ्यांना दिसतो. अनोळखी मुलांकडे आपला नंबर जाणे याचा अर्थ पुण्या-मुंबईत कदाचित काही नसेल. पण जिच्या घरी ‘कॉलेज बंद कर’ म्हणायला एवढे निमित्त पुरते, तिच्यासाठी तो शिक्षणाचा प्रश्न असतो. ती गटात गप्प राहते, किंवा सगळे काम एकटीने करून पाठवते. दोन्हींचा अर्थ एकच आहे, तिला या लोकांशी संबंध नको. आणि तिचे कारण शहाणपणाचे आहे.

तिसरी गोष्ट भाषेची. वर्गात बोललेली चूक हवेत विरून जाते. ग्रुपवर लिहिलेली चूक राहते, तिचा स्क्रीनशॉट निघतो, ती दुसऱ्या ग्रुपवर हसण्यासाठी जाते. ज्याच्या घरची बोली वेगळी, ज्याला ‘न’ आणि ‘ण’ वरून शाळेपासून टोकले गेले, ज्याचे इंग्रजी कच्चे, तो लिहायला धजत नाही. शिकणे म्हणजे चुकत चुकत पुढे जाणे. ज्या जागेत चूक कायमची नोंदली जाते, ती जागा शिकण्यासाठी मुळातच अवघड आहे.

इथपर्यंत आम्ही विद्यार्थ्यांची बाजू मांडली. आता उलट बाजू मांडायला हवी, नाहीतर हे समीक्षण न होता वकिली होईल.

‘मी एकटा करतो, मला कुणी नको’ हे म्हणणे समजण्यासारखे असले तरी त्यात एक मोठा तोटा आहे. ज्ञान एकट्याचे असते ही कल्पना परीक्षेने दिलेली आहे, ज्ञानाच्या इतिहासाने नाही. ज्ञानेश्वरी 1290 साली आपल्याच जिल्ह्यात नेवाशाला सांगितली गेली. सांगणारे ज्ञानेश्वर, लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा, आणि समोर श्रोते. त्या ग्रंथात श्रोत्यांशी जो सततचा संवाद आहे तो केवळ अलंकार नाही. ऐकणारे कोण आहेत यावर सांगण्याची रीत घडलेली आहे.

नगरच्या किल्ल्यात 1944 साली पंडित नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले. ते पुस्तक त्यांनी किल्ल्यातल्या सहबंद्यांना अर्पण केले आहे. मौलाना आझाद, नरेंद्र देव, गोविंद वल्लभ पंत, असफ अली यांच्याशी झालेल्या चर्चांचे ऋण प्रस्तावनेत मान्य केले आहे. त्याच भिंतींआड आझादांनी ‘गुबार-ए-खातिर’ची पत्रे लिहिली. एका तुरुंगातून एकच सामाईक पुस्तक निघाले नाही, हे लक्षात घ्या. विचार एकमेकांच्या सहवासात झाला, लेखनाची जबाबदारी मात्र ज्याची त्याने घेतली. आम्हाला वाटते, विद्यापीठातल्या सहकार्याचा हाच चांगला नमुना आहे.

आणि दुसरा तोटा याहून गंभीर आहे. डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्युई यांचे विद्यार्थी होते. लोकशाही ही फक्त राज्यपद्धती नसून एकत्र जगण्याची, अनुभव वाटून घेण्याची रीत आहे, हा ड्युईंचा विचार त्यांनी 1936 च्या ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणात आपल्या समाजाला लावून दाखवला. आता सांगा, आपल्या जिल्ह्यातल्या मुलाला आपल्या वस्तीबाहेरच्या, जातीबाहेरच्या मुलाबरोबर बसून विचार करण्याची संधी कुठे मिळते? गावात वस्त्या वेगळ्या. मित्र बहुधा त्याच वर्तुळातले. विद्यार्थ्यांना ‘तुमचे गट तुम्ही करा’ म्हटले की गट गावाचे, वसतिगृहाच्या खोलीचे आणि पुष्कळदा आडनावांचे होतात. म्हणजे हजेरी क्रमांकाने पाडलेला गट कितीही यांत्रिक असला तरी तो कदाचित त्या विद्यार्थ्याच्या आयुष्यातली पहिली मिश्र पंगत असते. ती पंगत उठवून लावायची आणि ‘ज्याने त्याने आपापला डबा खावा’ म्हणायचे, हे आम्हाला मान्य नाही.

म्हणून पेच खरा आहे. सहकार्य सक्तीचे केले तर अन्याय होतो. ऐच्छिक केले तर भिंती तशाच राहतात. यातून वाट काढायची तर प्रश्न शिक्षकांनाही विचारावा लागेल. गटाचे प्रकल्प आपण का देतो? मिळून विचार करता यावा म्हणून, की शंभर वह्या तपासण्यापेक्षा वीस प्रकल्प तपासणे सोपे म्हणून? 2020 च्या शैक्षणिक धोरणानंतर अंतर्गत मूल्यमापनाचा भार वाढला, जागा रिकाम्या आहेत, तासिका तत्त्वावरचा शिक्षक दोन-दोन महाविद्यालये करतो. त्याची ओढाताण आम्ही जाणतो. पण शिक्षकाच्या सोयीसाठी घेतलेला निर्णय विद्यार्थ्यांना ‘सहकाराचे मूल्य’ म्हणून विकू नये. विद्यार्थ्यांना ते लगेच कळते.

वाट काढण्यासाठी फार मोठे काही लागत नाही. गट तिघाचौघांचा असावा. पहिली भेट वर्गात, समोरासमोर व्हावी आणि कामाचे नियम गटाने स्वतः कागदावर लिहावेत. काम असे द्यावे की प्रत्येकाकडे एक असा तुकडा राहील जो दुसऱ्याकडे नाही. एलियट ॲरनसन यांनी 1971 साली अमेरिकेत ऑस्टिनच्या शाळांत, गोरी आणि काळी मुले पहिल्यांदाच एका वर्गात बसू लागली होती तेव्हा, ही पद्धत वापरली. प्रत्येक मुलाकडे धड्याचा एकेक भाग, आणि पूर्ण धडा समजायचा तर सगळ्यांचे ऐकून घ्यावेच लागते. आपल्या संदर्भात तिचे महत्त्व वेगळे सांगायला नको. नंबर न देता सहभागी होता येईल अशी सोय असावी. ठरावीक वेळेच्या ऑनलाइन बैठकीची सक्ती नसावी. अडचण असेल तर ती ग्रुपवर नव्हे, शिक्षकाला एकट्याने सांगता यावी.

आणि काटा. इथे एक आक्षेप येईल आणि तो योग्य आहे. ऊस वजनात मोजता येतो, विचार कसा मोजणार? कोणी किती ओळी लिहिल्या ते मोजू लागलो तर सहकार राहणार नाही, ठेकेदारी होईल. आक्षेप मान्य. विचाराचे वजन करू नये, पण विचारणा करता येते. प्रकल्पानंतर प्रत्येकाला दहा मिनिटे तोंडी प्रश्न विचारावेत, आणि तेही दुसऱ्याने लिहिलेल्या भागावर. म्हणजे स्वतःच्या भागाची जबाबदारी राहते आणि दुसऱ्याचा भाग वाचल्याशिवाय गत्यंतर राहत नाही. काही गुण गटाचे, काही ज्याचे त्याचे. आपण ज्याखाली नाव घालतो ते वाचलेले असले पाहिजे, 1879 च्या कायद्यातला हा धडा 150 वर्षे होत आली तरी शिळा झालेला नाही.

यातून सगळे विद्यार्थी एकदम उत्साहाने पुढे येतील, असा आमचा दावा नाही. काहींना एकट्यानेच विचार सुचतो, त्यांनाही विद्यापीठात जागा असली पाहिजे. पण ज्यांना सहकार्य नकोसे झाले आहे, त्यांतल्या पुष्कळांना सहकार्य नको नसून फसवणूक नको आहे. काट्यावर विश्वास नसला तर शेतकरी आपला ऊस दुसऱ्या कारखान्याला घालतो. विद्यार्थ्याला दुसरा कारखाना नसतो, म्हणून तो ग्रुपवर गप्प बसतो. त्या गप्प बसण्याला शेरा देण्यापूर्वी आपण आपला काटा तपासून घ्यावा.

इथे थांबू या. आता तुमचे प्रश्न घेऊ.